उंचीचा जुना मीटर

“बाबा, तुमच्या त्या म्हाताऱ्या विमानात मला कवा बसवायलाव? का तुमीच भ्यायलाव?” मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ म्हणून डिवचलेलं, तर सुकेशनीनं विचारूनच टाकलं.

“उद्या,” तिचे बाबा सिद्धोधन हसले. “आज नवी स्क्रीन कशी चालते ते बघून येतो.”

बोरी गावातल्या घरामागं, शेतातल्या पट्टीवरून त्यांचं एका इंजिनाचं विमान उडालं. स्क्रीन बसवताना काढलेला उंचीचा जुना काट्याचा मीटर आईनं हौसेनं शोकेसमध्ये मांडला होता. सुकेशनी तो पुसायला बसली, तर काटा चढायला लागला.

“आई, सुटा मीटर चालायलाय!”

“विमानाची आठवण यायली असंल त्याला,” आई भाकरी थापत म्हणाली.

खिडकीतून दिसणारं विमान वळलं, उतरलं. काटाही शून्यावर आला. सुकेशनीला लय गंमत वाटली.

बाबा हातपाय धुऊन जेवायला बसले. अंगणापलीकडं विमान दोरांनी बांधलेलं, गप उभं होतं. तिच्या मांडीवरच्या मीटरचा काटा पुन्हा चढू लागला, अगदी बाबा विमान वर नेतात तसा, सावकाश.

तिनं आधी बाबांकडं, मग विमानाकडं पाहिलं.

“उद्या मी बसणार न्हाई,” ती म्हणाली. “आत्ता जे वर गेलंय, ते आधी उतरू द्या.”