तडजोडीचा मसुदा

१८ जुलै २०१७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. दिल्लीच्या मंत्रालयातली सतरावी भेट. कर्णबधिर मुलांच्या पालकांची बाजू मांडणारे धोरण सल्लागार देऊसकर म्हणाले, ‘‘मोफत श्रवणयंत्रं अठराव्या वर्षापर्यंत मिळावीत.’’

सहसचिव टिपरेबाईंनी मसुदा वाचला आणि काही न बोलता चहाचा घोट घेतला. तीस वर्षे वाटाघाटींत मुरलेल्या देऊसकरांना ती शांतता नकाराचीच वाटली. सवयीने त्यांनी बॅगेतून तडजोडीचा दुसरा मसुदा काढून पुढे सरकवला. ‘‘निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी.’’

बाई हसल्या. ‘‘अहो, अठराला वरून होकार आलाच होता! पण पालकांचं बारावर भागत असेल, तर सरकारनं जास्त कशाला द्यावं?’’

‘‘तो कागद परत द्या, बाई.’’

‘‘आता कसला परत, देऊसकर!’’

फाटकाशी थांबलेल्या पालकांनी त्यांचे हात धरले. ‘‘साहेब, तुम्ही होतात म्हणून एवढं तरी पदरात पडलं. आज आमच्यासोबतच जेवायचं.’’ खरे सांगायला देऊसकरांची जीभ रेटेना. कामाचे निमित्त सांगून ते एकटेच चालू लागले.

योजना लागू झाली. पहिल्या वर्षी बारा वर्षांवरील मुलांना मिळालेली श्रवणयंत्रे : शून्य.