आवळीभोजन

दर कार्तिकात अण्णा आम्हां भावंडांना आणि काका-काकूंना अंबरनाथहून बदलापूरला, नदीकाठच्या आवळीखाली जेवायला न्यायचे. "एवढ्या स्वस्तात अशी सहल दुसरा कोण काढतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायची आई, आणि घर राखायला मागे राहायचीही आईच. "अगं, पुढच्या वर्षी तुला नक्की नेतो," हेही ठरलेलंच.

चोपन्न साली त्याच आवळीजवळ आईचं दहावं झालं. पिंडाला कावळा शिवेना. "बाईंची काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या," भटजी म्हणाले.

अण्णांनी हात जोडले. "अगं, पुढच्या वर्षी तुला नक्की नेतो."



आवळीवर एकच कावळा बसला होता, तोही उडून गेला.