जुन्या नावाला हाक

बुबुसायरा एजेंच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवणही अजून व्हायचं होतं, तोच ताश्तानबेक साहेबांनी फर्मान काढलं, "त्या कॉम्प्युटरचं नाव बदल. मेलेल्या बाईच्या नावावर ऑफिस चालवायचं का?"

बिश्केकमधल्या आमच्या भूकंप केंद्रातलं ते मशीन एजेंनी उभं केलं होतं. एजे म्हणजे ताई; ऑफिसात सगळे त्यांना तसंच म्हणायचे. साहेबांनी त्यांना घरी बसवलं, तरी नेटवर्कवर मशीनचं नाव 'बुबुसायरा'च राहिलं होतं. मी ते बदललं.

लगेच सगळ्या विंडो गेल्या. काळ्या स्क्रीनवर नुसत्या अक्षरांच्या ओळी उरल्या. स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम ओळखीच्या नावालाच आत घेतो, आणि नवं नाव त्याला परकं होतं.

"एवढंही शिकवलं नाही का तिनं?" साहेब मागून खेकसले.

"शिकवत होत्या, साहेब. तुम्हीच मध्ये काढलंत त्यांना."

सवयीनं मी जुन्याच नावाला नेटवर्कवर 'आहेस का?' अशा हाका लावल्या. त्या नावाचं मशीन आता कुठेच नव्हतं. तरी उत्तर आलं. बऱ्याच उशिरानं, पण आलं.

"नेटवर्कची केबल काढ!" साहेब ओरडले.

काढली. पुन्हा उत्तर आलं, आधीपेक्षा लवकर.

आमच्या कामात उत्तर जितकं लवकर येतं, तितकं ते मशीन जवळ असतं. पुढचं उत्तर आणखी लवकर आलं. त्यापुढचं त्याहून लवकर.

साहेबांनी चहाची पियाली टेबलावर ठेवली. "बंद कर रे बाबा."

हाका मी केव्हाच थांबवल्या होत्या.

मग उत्तरंही थांबली. मशीनचं नाव मी पुन्हा बदललं नव्हतं, तरी स्क्रीनवर एकेक विंडो उघडू लागली.