तुतीचा पंचनामा

रोपवाल्या मावशींनी गोणपाट एका हिसक्यात ओढलं आणि दिव्यांच्या माळेसकट खाली टाकलं. तुतीच्या खोडावर छातीच्या उंचीला चार बोटं रुंद पांढरा पट्टा होता. चारी बाजूंनी. साल नावालाही शिल्लक नव्हती.

"बघा," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या. "मी काय हौस म्हणून तक्रार केली?"

झाडांच्या खात्याचा हा इन्स्पेक्टर तीन अर्ज आणि सहा फोननंतर उगवला होता. पंधरा दिवसांपूर्वी गोणपाटाखाली हात घातला तेव्हाच मावशींना सगळं कळलं होतं. पण साहेब यायच्या आत गोणपाट सोडलं असतं तर सोलल्याचा आळ त्यांच्यावरच आला असता. म्हणून त्या दात-ओठ खात थांबल्या होत्या.

"उंदरांनी कुरतडलं असेल," गाद्यांच्या शोरूमचा मॅनेजर दारातून म्हणाला.

"फूटपट्टी लावून?" मावशींच्या सुनेने कुंड्यांना पाणी घालता घालता विचारलं.

उंदरांचं त्या झाडाशी काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते शोरूमचं. तुती पिकली की पायऱ्या जांभळ्या व्हायच्या आणि एखादं गिऱ्हाईक बूट न काढताच पांढऱ्या गादीवर आडवं व्हायचं. शिवाय अर्धी पाटी फांद्यांमागे लपायची. गेल्या महिन्यात मॅनेजरने दिव्यांची माळ लावायची म्हणून खोडाला स्वतः गोणपाट गुंडाळलं, तेव्हा मावशींना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकाचीच आता त्यांना जास्त चीड येत होती. बावीस वर्षं त्यांची रोपं या एका सावलीत वाढली होती. सावली गेली तर फुटपाथवर दोन दिवसांत सगळी करपली असती, आणि मागोमाग घरातली चूल.

इन्स्पेक्टरने मान वर केली. पानं हिरवीगार होती. त्याने फॉर्मवर खूण केली. "झाड हिरवं आहे. तक्रारीत तथ्य नाही."

"अहो, हिरवं आहे कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढतंय. पण पानं जे अन्न बनवतात ते सालीतून खाली उतरतं. साल काढली, म्हणजे वाटच तोडली." मावशींनी पट्ट्याच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. तिथली साल फुगून आली होती. "जेवण इथे येऊन अडलंय. मुळं साठवलेल्यावर दिवस काढतायत. ती गेली की पाणीही बंद, आणि मग तुमची ही हिरवी पानं."

"मावशी, माझ्याकडे दोनच रकाने आहेत. हिरवं आणि वाळलेलं. वाळलं की कळवा."

"कळवलं की काय करणार?"

"तोडायची परवानगी देणार."

मॅनेजरने लगबगीने साहेबांसाठी खुर्ची आणली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरव्या झाडाला काही झालेलं नसतं आणि वाळलेल्याचं काही करता येत नसतं, मग हे खातं नक्की कुणासाठी उघडलंय? हे त्यांनी मोठ्याने विचारलंसुद्धा. इन्स्पेक्टर खुर्चीत टेकला.

"सूनबाई, स्टूल आण. चाकू, मेण आणि बारीक खिळेही."

त्यांनी तुतीच्याच पेन्सिलीएवढ्या काड्या कापल्या, दोन्ही टोकं तिरपी तासली. एक टोक पट्ट्याच्या खालच्या सालीत सरकवायचं, दुसरं वरच्या सालीत, आणि वर बारीक खिळा. उघड्या लाकडावरून झाडाच्याच काडीचा पूल. सून मेण वितळवून सांधे बुजवत होती. घाईत तिने एक काडी उलटी पुढे केली.

"शेंड्याचं टोक वर, बाई. उलट्या काडीतून घास उतरत नाही."

"चुकलं, आई."

"थांबा!" इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला. "परवानगीशिवाय हिरव्या झाडाची फांदी तोडणं गुन्हा आहे."

"आणि अख्खं खोड सोललं तो गुन्हा नाही?" सून म्हणाली.

"ते करताना कुणी पाहिलं नाही. हे मी पाहतोय."

त्याने बॅगेतून दुसरा फॉर्म काढला. त्यावर मात्र रकानेच रकाने होते. नाव, पत्ता, वय, झाडाचा प्रकार, तोडलेल्या फांद्यांची संख्या. मावशी उत्तरं देत राहिल्या. हात थांबवले नाहीत.

"सहा," त्या म्हणाल्या. "सहाच लिहा. मोजून घ्या हवं तर."

"साक्षीदार लागतो," इन्स्पेक्टर म्हणाला.

"मी आहे ना!" मॅनेजर पुढे झाला.

"फांद्या तोडण्याचं कारण?"

मावशींनी शेवटच्या सांध्यावर मेण दाबलं आणि त्या स्टुलावरून उतरल्या. "लिहा. खोडाची साल चारी बाजूंनी सोललेली होती. मुळं उपाशी मरत होती. त्यांना जेवण पोचवायला."

पेन थबकलं. "सोललेली म्हणजे..."

"समोर आहे. दिसत नसेल तर 'दिसत नाही' असं लिहा. पण लिहा."

इन्स्पेक्टर पट्ट्यापाशी गेला. वरच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. कड सरळ होती, आखल्यासारखी. परत येऊन त्याने सगळं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि 'सोललेली'च्या आधी स्वतःहून 'धारदार हत्याराने' असं घातलं. त्याखाली साक्षीदाराच्या रकान्यात छापलेलं होतंच: वरील सर्व मी प्रत्यक्ष पाहिलं असून ते खरं आहे.

मॅनेजरने कागद ओढून घेतला आणि न वाचताच झोकात सही ठोकली.

"सहीखाली नाव पण घाला, साहेब," मावशी बोटांवरचं मेण खरवडत मॅनेजरला म्हणाल्या. "वाचता येईल असं."