झाकून ठेवलेली बादली

तोकतोसुननं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि एका ओळीवर बोट रोवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

लेखक कुबानिच चहा ओतत होता. बिश्केकमधल्या त्याच्या घरी वाचक अधूनमधून यायचे, सही घेऊन जायचे. या म्हाताऱ्यानं मात्र दारातच सांगितलं होतं, की तो निवृत्त पोलीस तपासनीस आहे आणि त्याला सही नको आहे.

त्या पानावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा खून नुकताच झालेला होता. खून करणारी बाई म्हातारीच्या घरातून निघते, फाटकापर्यंत जाते आणि परत फिरते. गोठ्यात बसून गाईची धार काढते. दुधाची बादली फडक्यानं झाकते. मग निघून जाते.

"कुणी नाही. सुचलं."

"सुचलं." तोकतोसुन हसला नाही. "बारा वर्षांपूर्वी नारीन भागातल्या एका खेड्यात अशीच एकटी राहणारी म्हातारी मारली गेली. बादलीच्या कडीवर तिचं रक्त होतं. म्हणजे धार खुनानंतर काढलेली. मी हे पेपरात येऊ दिलं नाही. तुम्ही त्या साली कुठं होता, लेखकसाहेब?"

"मॉस्कोत. गोदामात पोती उचलत होतो."

कुबानिचनं आतून जुना पासपोर्ट आणला. तोकतोसुननं त्यातले शिक्के खिडकीपाशी नेऊन एकेक तपासले.

"मग सुचलं कसं?"

"खुनाची बातमी वाचली होती, काका. पहिल्या खर्ड्यात ती बाई नुसती पळत सुटते. माझ्या वाचकांना पळापळ आवडते, पुस्तकं त्यावरच खपतात. पण मलाच ते खोटं वाटायला लागलं. संध्याकाळची वेळ, गाय हंबरतेय, कास तटतटलेली. गोठ्यात जन्म गेलेली बाई तशीच निघून जाईल? तीन दिवस लेखणी अडली. शेवटी तिला परत पाठवलं."

"गाय परक्याला हात लावू देते?"

"लाथ घालते. म्हणून तर रोज येणारी-जाणारी शेजारीण घेतली."

तोकतोसुननं चहाचा पियाला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मी ज्याला पकडला त्यानं सगळं कबूल केलं होतं," तो म्हणाला. "बादलीचं विचारलं तेव्हा तेवढा गप्प बसला. मी पुढचा प्रश्न घेतला."

"कोण होता?"

"मारात म्हणून एक. इथलाच, शहरातला. ट्रॉलीबस चालवायचा. अजून आत आहे."

मग तोकतोसुननं विचारलं, आणि आता त्याच्या आवाजात पोलीस राहिला नव्हता, "असा माणूस धार काढून गेला, असं तुम्ही लिहिलं असतं तर?"

"वाचकानं तिथंच पुस्तक मिटलं असतं, काका."