कपाटावरच्या चपला

लेकाची अक्कल पेंड खायला गेली होती. आई एकदा रस्ता काय चुकली, पठ्ठ्याने तिच्या चपला कपाटावर नेऊन ठेवल्या आणि पोरीला बजावलं, "आजीबरोबर सिनेमा बघ, तिला बाहेर सोडू नकोस!" पडद्यावर वीर इमारतींमधून उडत होता, भिंती पत्त्यांसारख्या कोसळत होत्या. "एवढा पसारा आवरणार कोण, याची आई?" आजी फणकारली. नात खिदळली. तेवढ्यात दुष्टाने वीराचा उडायचा झगाच काचेच्या पेटीत कोंडला. आभाळ पालथं घालणारा गडी मुकाट भिंतीला टेकला. आजीने पाय जवळ ओढून घेतले. नातीने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग कपाटाकडे. स्टुलावर चढून तिने धुळकट चपला आजीपुढे मांडल्या. तोच लेक दारात उभा. "आई, पुन्हा चुकशील!" आजीने पाय चपलांत सरकवले. "मी चुकले, तेव्हा लोकांनी घर दाखवलं. तू चुकलास, तुला कोण दाखवणार?"