कोरी पट्टी

कोर्टात टायपिस्ट असलेल्या मंदाकिनी शेवाळेंना भरबाजारात साध्या कपड्यांतल्या दोघांनी अडवलं. "पोलीस. गाडीत बसा."

खरा पोलीस जवळ आला की प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीत त्या पोलिसाचं नाव उमटायचं. मंदाकिनींची पट्टी कोरीच होती.

"नाव उमटल्याशिवाय मी येणार नाही. तसा कायदाच आहे," त्या म्हणाल्या.

एकाने त्यांचा दंड धरला. त्या किंचाळल्या. फुलवाल्या द्वारकाबाईंनी धावत येऊन त्यांचा दुसरा हात घट्ट पकडला आणि पोलीस नियंत्रण कक्षाला फोन लावला. "इथे बाजारात बाईला पळवून नेतायत! यांची नावं उमटत नाहीत!"

"माणसं आमचीच आहेत," फोनवरून शांतपणे उत्तर आलं. "नाव दाखवायचा नियम आज सकाळी रद्द झाला."

मंदाकिनींच्या नजरेला नजर न देता द्वारकाबाईंनी हळूच त्यांचा हात सोडला.